टेबलावर आपोआप येणारा पाव आणि संशोधन-प्रश्न

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. विषय असतो, प्रश्न नसतो. 'पोर्तुगालची खाद्यसंस्कृती' हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर वाचता येईल, पण पीएच.डी. करता येणार नाही. प्रश्न म्हणजे असं काहीतरी, ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून आज एक जेवणच घेऊ. गाव लिस्बन, वेळ दुपारी एकची, आणि ठिकाण गल्लीतली साधी खानावळ. तिला तिकडे ताश्का म्हणतात. परिषदेसाठी किंवा एक्सचेंजवर तिकडे जाणार असाल तर याचा पोटासाठीही उपयोग होईल, कारण फेलोशिपच्या पैशात रोज नीट जेवायचं तर ताश्क्याला पर्याय नाही.

समजा तुम्ही ग्रासा भागातल्या एका ताश्क्यात शिरलात. काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला, त्यावर आजचे पदार्थ. टेबलांवर कागदी आच्छादन, कोपऱ्यात टीव्ही, जगमध्ये घरची वाइन. तुम्ही बसता, आणि काही न मागता समोर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीजचा तुकडा येतो. याला म्हणतात कुव्हेर. आपल्याकडे कांदा-लिंबू येतं तसं हे फुकट असेल असं वाटतं. तसं नाही. खाल्लंत तर बिलात लागतं. पण 2015 च्या कायद्यानुसार तुम्ही मागितलं नसेल आणि हातही लावला नसेल, तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. 'नाऊं, ओब्रिगादु' म्हणून परत पाठवा (मुलींनी 'ओब्रिगादा'), कुणाला राग येत नाही.

आता इथे थांबा. आपोआप समोर आलेली गोष्ट माणूस नाकारत नाही, हे वर्तनशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. मग प्रश्न असा: कुव्हेर समोर ठेवल्यामुळे बिल वाढतं का? सोपं वाटतं. दिवसभराची बिलं घ्या, कुव्हेर खाल्लेली टेबलं एका बाजूला, न खाल्लेली दुसऱ्या बाजूला, सरासरी काढा. पहिल्या गटाचं बिल मोठं निघालं तर लगेच 'सिद्ध झालं' म्हणाल का? म्हणू नका. पाव खाणारे मुळातच जास्त भुकेले असतील. पर्यटक असतील. निवांत गप्पा मारायला आलेले चौघे असतील. रोज येणारा शेजारचा सुतार वीस मिनिटांत जेवून उठतो, तो पाव परत पाठवतो आणि त्याचं बिलही लहान असतं, पण एकामुळे दुसरं घडलेलं नाही. यालाच गोंधळकारक चल म्हणतात. उपाय एकच चांगला आहे: कुठल्या टेबलावर कुव्हेर न विचारता ठेवायचं आणि कुठल्या टेबलावर विचारून, हे नाणं उडवून ठरवायचं. त्यासाठी मालक तयार व्हायला हवा. त्याने दुपारच्या गर्दीत तुमच्यासाठी नाणं का उडवावं, याचं उत्तर तुमच्या प्रस्तावात असलं पाहिजे. बहुतेक प्रस्तावांत ते नसतं.

'मग कायद्याच्या आधी आणि नंतर अशी तुलना करू' असं काही जण म्हणतील. हुशारीचा विचार आहे, पण त्याच काळात आणखी काय काय बदललं ते आधी बघा. पोर्तुगालमध्ये उपाहारगृहांतल्या जेवणावरचा व्हॅट 2012 मध्ये 23 टक्के केला गेला आणि जुलै 2016 मध्ये तो पुन्हा 13 टक्क्यांवर आणला. म्हणजे बिलं बदलली तर ती कशामुळे, पावाच्या कायद्यामुळे की करामुळे?

खरं सांगायचं तर मला त्या पावापेक्षा हा कराचा प्रश्न जास्त आवडतो. तिथे मेन्यूवरचा भाव करासकट असतो. 8 युरोचा पदार्थ धरा. 23 टक्के कर असताना मालकाच्या हातात साधारण 6.50 युरो येत होते. कर 13 झाल्यावर त्याला तेवढेच पैसे हवे असते तर त्याने भाव 7.35 केला असता. भाव 8 च ठेवला, तर त्याच्या हातात 7.08 पडतात. म्हणजे करकपात गिऱ्हाइकाच्या खिशात गेली की मालकाच्या, हे कागदावरच्या एका आकड्यावरून कळू शकतं. बघा, हा प्रश्न झाला! अडचण वेगळीच आहे. तो हाताने लिहिलेला कागद संध्याकाळी कचऱ्यात जातो. सरकारी किंमत निर्देशांकात सरासरी मिळते, पण ग्रासातल्या त्या ताश्क्याचा 2016 चा जूनचा कागद कुणाकडे आहे? प्रश्न चांगला असणं आणि विदा उपलब्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गाइड पहिल्या भेटीत दुसरीबद्दलच विचारतात.

बरं, आता ऑर्डर देऊ. 'प्रातु दु दिआ', म्हणजे आजचा पदार्थ, तोच मागवा. ताजा असतो, लवकर येतो. 'दोझ' म्हणजे पूर्ण वाढप, बऱ्याचदा दोघांना पुरेल एवढं. एकटे असाल तर 'मेइया दोझ', अर्धं. इथेही संशोधकाने कान टवकारायला हवेत, कारण 'दोझ' हे काही मोजमाप नाही. एका ठिकाणचं अर्धं दुसरीकडच्या पूर्णाएवढं असू शकतं. वजन न करता दोन ताश्क्यांच्या भावांची तुलना केलीत तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत.

शाकाहारी मंडळींनी जरा सांभाळून. 'काल्दु व्हेर्द' म्हणजे हिरवं सूप, पण त्यात शोरीसु या डुकराच्या सॉसेजची चकती असते. आधी विचारा. भाज्यांचं साधं सूप, ऑम्लेट, भात, सॅलड यावर निभतं. त्या हिरव्या सुपात मुख्यतः बटाटा आणि 'कोव्ह' ही पालेभाजी असते. बटाटा हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, कोबी हा 'कोव्ह'वरून आला, आणि सोबतचा पावही त्यांच्या 'पाऊं'वरूनच. भाषा येत नसली तरी तीन शब्द तुमच्या घरचेच आहेत.

आज कागदावर बाकल्याउ आहे, म्हणजे खारवलेला कॉड मासा. विज्ञानवाल्यांनी इथे जरा रेंगाळावं. मीठ माशातलं पाणी ओढून घेतं. संपृक्त मिठाच्या पाण्याची जल-क्रियता साधारण 0.75 असते, आणि बहुतेक जिवाणू 0.90 च्या खाली वाढू शकत नाहीत, म्हणून मासा महिनोन्‌महिने टिकतो. (मिठातच सुखाने जगणारे काही सूक्ष्मजीव मात्र त्यावर गुलाबी डाग पाडतात.) खायच्या आधी हे मीठ काढावं लागतं. पाण्यात भिजवायचा, पाणी बदलत राहायचं. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जाड तुकड्याला साधारण चौपट वेळ. जाड तुकडे दोन दिवससुद्धा भिजतात, तेही थंड जागी, कारण मीठ गेलं की संरक्षणही गेलं.

मग शुक्रवारी तुमच्या ताटात आलेला बाकल्याउ बुधवारीच पाण्यात पडलेला असतो. म्हणजे काचेवरचा कागद आजची मागणी सांगत नाही, परवाचा अंदाज सांगतो. मागणी दिसते ती दीड-दोनच्या सुमारास, संपलेल्या पदार्थांवर पेनाने रेघ पडायला लागते तेव्हा. फक्त सकाळी फोटो काढणाऱ्याकडे अर्धीच विदा असेल. त्याला ते कळणारही नाही, ही खरी भीती.

सगळ्यात अवघड भाग शेवटी आहे. लिस्बनमधल्या अशा अनेक जागा एकेकाळी गलिसियाहून आलेल्या लोकांनी चालवलेली वाइन आणि कोळशाची दुकानं होती. 2012 मध्ये भाडेकायदा बदलला, वर्षानुवर्षं गोठलेली भाडी वाढवायची वाट मोकळी झाली, पर्यटनही वाढलं, आणि ताश्के बंद पडू लागले. लिस्बन पालिकेने 2015 मध्ये जुन्या दुकानांसाठी 'लोझश कों इश्तोरिया' हा संरक्षणाचा उपक्रम सुरू केला. आता तुम्ही प्रश्न घेता: ताश्के टिकतात कशामुळे? टिकलेल्या दहा मालकांना भेटता. ते सांगतात, चांगली चव, जुनी गिऱ्हाइकं, घरचेच लोक राबतात. पण बंद पडलेल्यांकडे हे नव्हतं का? कदाचित फरक एवढाच असेल की टिकलेल्याची जागा स्वतःच्या मालकीची होती. हे कळायला बंद पडलेला माणूस शोधावा लागेल, जिथे आता सामानाचे लॉकर किंवा ब्रंचचं दुकान आहे. पालिकेची यादी हाताशी आहे म्हणून तीच नमुना म्हणून घेऊ नका. ती निवडून केलेली यादी आहे.

आणि मालक जेवता जेवता भाड्याबद्दल बोलू लागला तर ते बोलणं म्हणजे तुमची विदा नव्हे. आपण कोण, कशासाठी लिहितो, हे सांगून, त्याने हो म्हटल्यावरच वही काढा. त्याच्या घरमालकापर्यंत ते वाक्य पोचलं तर भोगायचं त्याला आहे.

जेवण झालं की 'बिका' मागवा, ती लहान कडक कॉफी. 'आ कोंता, पुर फाव्होर' म्हटलं की बिल येतं. 'कोंत्रिबुइंत?' असं विचारतील, म्हणजे बिलावर कर क्रमांक टाकायचा का. स्थानिकांना त्यावर प्राप्तिकरात थोडी सूट मिळते, तुम्ही नाही म्हणा. पण पावती मात्र घ्या. तारीख, पदार्थ, भाव, कराचा दर, सगळं तिच्यावर छापलेलं असतं. बहुतेक ठिकाणी कागद थर्मल असतो आणि काही महिन्यांत अक्षरं उडतात, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. काचेवरच्या कागदाचाही काढा, आधी विचारून, आणि दोनदा: एक वाजता आणि अडीच वाजता.