वाजीकरणापूर्वी विचारावयाचा प्रश्न

विवाहानंतर अल्पावधीतच ‘शक्तीचे औषध’ मागणारे तरुण चिकित्सालयात तसेच औषधी दुकानातही येतात. अशा वेळी अश्वगंधा, कवचबीज वा शिलाजित देण्यापूर्वी वैद्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : अश्लील चित्रफिती पाहण्याची सवय आहे काय?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात संकल्पाला वृष्य भावांत, तर दौर्मनस्याला अवृष्य भावांत अग्रस्थान दिले आहे. या व्यसनाने दोहोंवर आघात होतो. क्षणोक्षणी बदलणाऱ्या दृश्यांना सरावलेला संकल्प सहचारिणीच्या ठायी स्थिर होत नाही. पतीची उदासीनता पत्नी स्वतःचा दोष समजते. लपवाछपवी उघड झाली की विश्वास ढळतो आणि दौर्मनस्य उभयतांचे होते. पत्नीकडून दृश्यांतील अनुकरणाची अपेक्षा केली गेल्यास तर शयनगृह हे भयाचे स्थान बनते.

अमेरिकेतील २००६ ते २०१४ या काळातील सर्वेक्षणावर आधारलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विवाहितांनी असे पाहणे सुरू केल्यावर घटस्फोटाची शक्यता सुमारे ६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मूळचा बेबनावही त्या सवयीला कारण होऊ शकतो. म्हणून इतिहास दोघांचा घ्यावा, मात्र प्रथम स्वतंत्रपणे.

प्रत्येक पाहणारा रुग्ण नव्हे, हेही ध्यानी असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११ वी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार आवेगनियंत्रणाच्या विकारांत गणला आहे. सहा महिने वा अधिक काळ ताबा सुटलेला असणे आणि संसार, व्यवसाय किंवा आरोग्य यांची हानी होणे, ही त्याची लक्षणे होत. केवळ अपराधभावनेवरून हे निदान करावयाचे नाही. तसेच मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग व चालू औषधे यांची तपासणी टाळू नये.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. रात्री मोबाइल शयनगृहाबाहेर ठेवावा, एकांतातील रिकामा वेळ व्यायामाने व सत्संगतीने भरावा. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजेच सत्त्वावजय, हा येथे मुख्य उपक्रम होय. पत्नीला दोष न देता दांपत्याचा संवाद पुन्हा जुळवावा. गरज भासल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यानंतर दिलेले वाजीकरण सार्थकी लागते.

औषधी विक्रेत्यांची जबाबदारीही लहान नाही. लैंगिक सामर्थ्य वाढविण्याचा दावा करून औषधांची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचार अधिनियमाने निषिद्ध आहे. लाजत आलेल्या ग्राहकाला गिऱ्हाइकांच्या गर्दीत प्रश्न न विचारता, खासगीत विश्वासाने वैद्याकडे पाठवावे. एका डबीच्या विक्रीपेक्षा एक संसार सावरणे हे आपल्या शास्त्राला अधिक शोभणारे आहे.