दगडूशेठच्या मागे

लोक पुण्याच्या जुन्या बाजारात नाणी शोधतात, अडकित्ते शोधतात. मी बिल्ले शोधतो. बुधवारी नाहीतर रविवारी, मंगळवार पेठेत गोणपाटावर मांडलेल्या गंजक्या ढिगापुढे उकिडवं बसून हमालांचे पितळी बिल्ले, कारखान्यांचे पास, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या उपसण्यात माझ्या गेल्या तीसेक वर्षांतल्या कितीतरी सकाळी गेल्या. घरात या संग्रहाला ‘भंगार’ म्हणतात. ते चूकही नाही, निम्मा माल भंगारवाल्यांकडूनच आलाय. त्यातला एक बिल्ला माझा फार लाडका. लंबगोल, अंगठ्याएवढा, कडेला दोन भोकं. मधला आकडा सदऱ्याला घासून इतका झिजलाय की तिरप्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. नाव कुठेच नाही.

कामगार चळवळीवरची पुस्तकं संपांनी भरलेली असतात. संप किती दिवस चालला, लाठ्या कुठे पडल्या, पुढारी कोण होते. वाचताना मला सारखं वाटतं, अहो, ते असू दे, या माणसांना कार्ड कधी मिळालं ते सांगा! परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसाची मजुरीच्या आधीची अडचण असते ती ‘तू कोण, कुठला?’ या प्रश्नाची. हवालदार विचारतो, रेशनवाला विचारतो, दवाखान्याच्या खिडकीवरची बाई विचारते. खिशात दाखवण्यासारखं काही नसेल तर उत्तर कितीही खरं असो, उपयोग शून्य.

बाबा आढावांना हे फार आधी उमगलं होतं. त्यांची हमाल पंचायत पन्नासच्या दशकातली. पण माझ्या डोक्यात जास्त घोळतो तो १९६९चा माथाडी कायदा. व्यापाऱ्याने मजुरी हातावर टेकवायची नाही, माथाडी मंडळात भरायची. वर लेव्ही भरायची. त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस वगैरे. वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण त्यासाठी आधी टोळीची नोंद हवी, टोळीतल्या प्रत्येकाची नोंद हवी. ज्याला उभा बाजार ‘ए पाटी’ म्हणून हाक मारायचा, त्याचं बापाच्या नावासकट नाव वहीत चढलं.

तोच धडा १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांनी गिरवला. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांमध्ये काम करत होत्या. त्यातून त्या वर्षी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायका बहुतेक दलित. पुष्कळशा १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेल्या कुटुंबांतल्या. पहाटे पाठीवर पोतं घेऊन निघायचं. कुत्री अंगावर येणार, सोसायटीचा रखवालदार हाकलणार आणि कुठे चोरी झाली की पहिला संशय पोत्यावर. पंचायतीने फोटोचं ओळखपत्र काढलं आणि १९९५-९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी ते मान्य केलं. देशात हे पहिल्यांदा घडलं. पुढचं सगळं, म्हणजे पतसंस्था, महापालिकेने भरलेला आरोग्यविमा, २००८ पासून दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था, यांवर पुष्कळ लिहून झालंय. मी कार्डापाशीच अडकलेला माणूस.

एका आजीबाईकडे मी तिचं जुनं कार्ड मागितलं होतं. म्हटलं, नवं मिळालंय ना, मग हे माझ्या संग्रहाला द्या. तिने चंचीतून ते काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी उलगडली, दाखवलं आणि परत गुंडाळून ठेवलं. “नवं हाय की. पर ह्याच्यातला फोटू तरणा हाय.” यावर मी काय बोलणार!

आता बुधवार पेठ. तिचा इतिहास एका दमात उरकतो, कारण तो कुठल्याही पुणेकराकडून फुकट ऐकायला मिळतो. मूळ नाव मोहियाबाद, पेशवाईत बुधवार. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा १८७९च्या आगीत गेला. भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली आणि तोच वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला. तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, फरासखाना, दगडूशेठ गणपती. आणि या सगळ्याच्या कुशीत, दाणे आळीच्या आसपास, ती वस्ती.

माझी मावशी तुळशीबागेच्या अंगाला राहायची. आयुष्यात तिने कुणाला ‘बुधवार पेठ’ असा पत्ता सांगितला नाही. रिक्षावाल्याला, व्याह्यांना, सगळ्यांना एकच: “दगडूशेठच्या मागे.” लग्नपत्रिकेवर छापायची वेळ आली तेव्हा घरात केवढी खलबतं झाली होती! मीही काही वेगळा नव्हतो. शाळेची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात दरवर्षी यायचो आणि कुठल्या बोळात वळायचं नाही, हे आईने सांगितलेलं तंतोतंत पाळायचो. तो बोळ ओलांडायला मला पन्नाशी उजाडावी लागली.

गेलो तोही बिल्ल्याच्याच नादात. तिथल्या बायकांचा स्वतःचा संघ आहे आणि त्यांच्याकडे सभासदांच्या वह्या आहेत, असं कानावर आलं होतं. सहेली संघ १९९८ पासून या वस्तीत काम करतो आणि धंदा करणाऱ्या बायकाच तो चालवतात. त्याच्या दोनच वर्षं आधी सांगलीत ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली होती आणि त्याच्या आदल्या वर्षी कोलकात्यात सोनागाछीच्या बायकांची दुर्बार समिती. काळ सारखाच आणि निमित्तही सारखंच, एचआयव्हीचं. सरकारला या वस्त्यांची आठवण झाली ती रोगामुळे. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, १९९२ मध्ये स्थापन झाली, निरोध वाटायला माणसं हवी होती आणि त्या जिन्यांवर दुसरं कुणी चढेना. मग वस्तीतल्याच बायका ‘पिअर’ झाल्या. घरोघरी जाऊन मोजणी करू लागल्या, वह्या भरू लागल्या. कर्नाटकातून आलेली, बंगालची, नेपाळची. कुणाच्या जवळ गावचा कागद नाही, असला तरी दाखवायची सोय नाही. त्यांचं नाव पहिल्यांदा कुठल्या सरकारी कामाच्या वहीत चढलं, तर ते रोगाच्या.

या वहीनेच पुढे त्यांना गहू-तांदूळ मिळवून दिला. २०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि वस्तीचं उत्पन्न एका रात्रीत बंद झालं. रेशनकार्ड नाही, म्हणून रेशन नाही. दुर्बारने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २९ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की नॅकोच्या यादीत असलेल्या बायकांना ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा द्या. नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये जाहीर केले, शाळेत जाणारं मूल असेल तर २,५०० वर. झालं, आता खातं हवं. खात्याला आधार हवा, आधारला पत्ता हवा, पत्त्याला भाडेकरार हवा आणि त्या खोलीचा करार कोणता घरमालक लिहून देणार? साखळीची शेवटची कडी १९ मे २०२२ च्या आदेशात तुटली. नॅकोच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याने ठरावीक नमुन्यात दाखला दिला की आधार द्यायचा आणि त्यावर धंदा ओळखू येईल असा कुठलाही सांकेतिक क्रमांक टाकायचा नाही. गंमत अशी, की हा खटला मुळात कोलकात्यातल्या एका बाईच्या १९९९ मधल्या खुनाचा. आरोपीचं अपील फेटाळल्यावर न्यायालयाने २०११ मध्ये तोच आपणहून जनहिताकडे वळवला होता.

एका दुपारी मी असा अर्ज भरताना पाहिला. जिन्याखाली एक टेबल, वर उघडी ट्यूब, बाजूला स्टोव्हवर चहा. लिहिणारी बाई वस्तीतलीच, चष्मा नाकाच्या टोकावर. समोरची चाळिशीची.

“नाव सांग.”

“इथलं का गावचं?”

“कार्डावर जे हवं ते.”

ती गप्प बसली. इथलं नाव पंचवीस वर्षं वापरलेलं. गिऱ्हाईक, घरवाली, दवाखाना, सगळे त्याच नावाने ओळखतात. गावचं नाव हाक मारायला कुणी उरलेलं नाही, पण मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून तेच लावलंय. चहा झाला. लिहिणारीने घाई केली नाही, टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. शेवटी गावचं नाव सांगितलं गेलं, इतक्या हळू की दोनदा विचारावं लागलं. स्पेलिंगवरून मग दहा मिनिटं वाद झाला, त्यात मीही उगाच तोंड घातलं.

इथे मला अमेरिकेतलं न्यू हेवन आठवतं. तुम्ही म्हणाल, कुठे दाणे आळी आणि कुठे येल विद्यापीठाचं गाव! पण ऐका. मेक्सिको, इक्वेडोर, ग्वाटेमाला इथून आलेले, कागदपत्रं नसलेले पुष्कळ मजूर तिथे राहतात. खातं नाही म्हणून मजुरी खिशात घेऊन हिंडायचे आणि लुटारू त्यांना ‘चालतं एटीएम’ म्हणायचे. लुटलं तरी पोलिसांत कोण जाणार? ‘हुंता’ आणि ‘युनिदाद लातिना एन आक्सियोन’ या तिथल्या लातिनो लोकांच्या संघटनांनी नेट लावला आणि २००७ च्या जूनमध्ये नगर परिषदेने शहराचं स्वतःचं ओळखपत्र मंजूर केलं. दोनच दिवसांनी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने शहरात छापे घातले. तरी जुलैमध्ये कार्ड निघालंच. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. ते कार्ड फक्त मजुरांचं राहिलं असतं, तर हातात कार्ड म्हणजे बेकायदा माणूस, अशी खूणच झाली असती. म्हणून ते सगळ्या रहिवाशांसाठी ठेवलं, वाचनालयाला चालेल, पार्किंगच्या मीटरला चालेल असं केलं आणि ज्यांना त्याची काडीचीही गरज नव्हती अशा नागरिकांनीही रांगेत उभं राहून ते काढलं.

आमच्या न्यायालयाने कार्डावर खूण नको म्हटलं, ते योग्यच. पण पुण्यात निराळा क्रमांक कशाला लागतो? पत्त्यातलं ‘बुधवार पेठ’ वाचलं की काउंटरपलीकडच्या भुवया वर जातात. तेच पेठेचं नाव आणि तोच पिन, ४११००२, गणपतीलाही आहे, पुस्तकांच्या दुकानांनाही आहे, मावशीलाही होता. मावशीने तो पत्ता उघड सांगितला असता, माझ्यासारख्या शेकडो भाच्यांनी सांगितला असता, तर भुवया कुणाकुणासाठी वर नेणार? हा विचार मला सुचला तोवर मावशी राहिली नव्हती.

त्या अर्जवाल्या बाईचं कार्ड आलं. खातं काढायला ती निघाली तेव्हा मीही रेंगाळत बरोबर गेलो. कार्ड मळू नये म्हणून तिने ते हातरुमालात धरलं होतं. काउंटरवरचा मुलगा विशी-बाविशीचा, मान खाली, टाइप करत होता.

“राहायला कुठे?”

कार्ड त्याच्या समोरच पडलेलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“दगडूशेठच्या मागं.”