मोटारच सांगणार ‘वेग कमी करा’ : युरोपातील सक्तीची यंत्रणा आणि चालकांच्या शंका

नवी दिल्ली : युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत ७ जुलै २०२४ पासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा असणे बंधनकारक झाले आहे. ‘इंटेलिजंट स्पीड असिस्टन्स’ किंवा संक्षेपाने ‘आयएसए’ या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा त्या त्या रस्त्यावरील वेगमर्यादा ओळखते आणि मोटार ती ओलांडू लागली की चालकाला सावध करते. रस्ता सुरक्षेच्या क्षेत्रातून या नियमाचे स्वागत झाले. चालकांच्या मनात मात्र अनेक शंका आहेत. यंत्रणा चुकीची मर्यादा वाचते, सतत आवाज करते, ओव्हरटेक करताना घात करील, आपल्या वेगाची नोंद भलत्याच्या हाती पडेल, अशा तक्रारी आणि भीती सातत्याने व्यक्त होत आहेत. यांपैकी काही शंका गैरसमजातून आल्या आहेत. काहींत मात्र तथ्य आहे, आणि नियमाचे यशापयश बऱ्याच अंशी त्यांच्या निराकरणावर अवलंबून राहणार आहे.

नियम नेमका काय सांगतो?

या सक्तीचा आधार म्हणजे युरोपीय संघाने २०१९ मध्ये संमत केलेली वाहन सुरक्षेची सर्वसाधारण नियमावली. तिच्यानुसार ६ जुलै २०२२ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या मॉडेलना आणि त्यानंतर दोन वर्षांनी सर्वच नव्या वाहनांना ही यंत्रणा लागू झाली. आधीपासून रस्त्यावर असलेल्या मोटारींत ती बसवून घेण्याची सक्ती नाही.

यंत्रणेचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ती वेगमर्यादा जाणून घेते. त्यासाठी काचेमागील कॅमेरा रस्त्याकडेचे फलक वाचतो किंवा उपग्रहाद्वारे मोटारीचे स्थान ठरवून डिजिटल नकाशातील मर्यादा पाहिली जाते. अनेक मोटारींत या दोन्हींचा मेळ घातलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात ती चालकाला इशारा देते. हा इशारा कोणत्या स्वरूपात द्यायचा, यासाठी उत्पादकांपुढे चार पर्याय ठेवण्यात आले आहेत : पडद्यावरील खुणेपाठोपाठ वाजणारा ध्वनी, खुणेपाठोपाठ जाणवणारे कंपन, ॲक्सिलरेटरच्या पेडलचा पायाला जाणवणारा विरोध किंवा मोटारीचा वेग आपोआप हळूहळू उतरवणे.

नियमावलीतील सर्वांत महत्त्वाची तरतूद याच्या पुढची आहे. यंत्रणेने सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने जाण्याची चालकाची मुभा हिरावून घेता येणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. पेडल अधिक जोराने दाबले की यंत्रणा माघार घेते. चालकाला ती बंदही करता येते. फक्त मोटार पुन्हा सुरू केली की ती आपोआप कार्यरत होते. त्यामुळे ट्रक आणि बसमध्ये बसवल्या जाणाऱ्या वेगनियंत्रकाशी तिची गल्लत करून चालत नाही. युरोपात अवजड ट्रकना ताशी ९० आणि बसना ताशी १०० किलोमीटरपलीकडे जाऊच न देणारे वेगनियंत्रक अनेक वर्षांपासून सक्तीचे आहेत. मोटारींसाठीचा नवा नियम तेवढा कठोर नाही.

वेगावरच लक्ष का?

वेग वाढला की आघाताची तीव्रता त्याच प्रमाणात वाढत नाही. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीचा वेग २५ टक्क्यांनी अधिक असतो, पण तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी अधिक असते. शिवाय ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढे अंतर निघून गेलेले असते. सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली, तर जीवघेण्या अपघाताची जोखीम चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या यंत्रणेची कल्पना नवी नाही. स्वीडनने १९९९ ते २००२ या काळात उमेओ, लुंड, लिडशोपिंग आणि बुरलेंगे या चार शहरांत सुमारे पाच हजार वाहनांवर तिचे प्रयोग केले. कुठे केवळ आवाजाचा इशारा होता, तर लुंडमध्ये चालकाच्या पायाला विरोध करणारे पेडल वापरण्यात आले. रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘युरोपियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी कौन्सिल’ या संस्थेच्या अंदाजानुसार, या यंत्रणेचा सार्वत्रिक वापर झाल्यास टकरींचे प्रमाण ३० टक्क्यांनी आणि मृत्यूंचे प्रमाण २० टक्क्यांनी घटू शकते. यंत्रणेसह नियमावलीतील सर्व उपायांमुळे २०३८ पर्यंत २५ हजारांहून अधिक प्राण वाचतील, अशी युरोपीय आयोगाची अपेक्षा आहे.

पहिली शंका : मर्यादाच चुकीची वाचली तर?

चालकांची ही सर्वांत रास्त तक्रार आहे. समजा, मोटार महामार्गावरून ताशी ११० किलोमीटरने धावत आहे आणि शेजारच्या उतारमार्गावर ४० चा फलक आहे. कॅमेऱ्याने तो फलक मुख्य रस्त्याचाच समजला, तर मोटार विनाकारण इशारे देऊ लागते. युरोपातील अनेक ट्रकच्या मागील बाजूस त्या ट्रकसाठी लागू असलेल्या मर्यादेची गोल चिकटपट्टी असते. कॅमेरा कधी तिलाच रस्त्याचा फलक समजतो. फ्रान्समध्ये महामार्गावर कोरड्या हवेत १३० आणि पावसात ११० अशी मर्यादा आहे. काही ठिकाणी मर्यादा शाळेच्या वेळेपुरती किंवा रात्रीपुरती असते. अशा सशर्त मर्यादांचा अर्थ लावणे यंत्राला माणसाइतके सोपे जात नाही. रस्त्याचे काम सुरू असताना लावलेले तात्पुरते फलक नकाशात नसतात, आणि काम संपल्यावर काढायचे राहून गेलेले फलक कॅमेऱ्याला मात्र दिसतात.

युरोपीय नियमांनी ही मर्यादा गृहीत धरली आहे. प्रत्यक्ष रस्त्यावरील मान्यता चाचणीत किमान ९० टक्के अंतरावर यंत्रणेने अचूक मर्यादा ओळखावी, अशी अट आहे. चाचणीपुरती ही अट समाधानकारक वाटते. मात्र दररोज शंभर किलोमीटर प्रवास करणाऱ्या चालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ दहा किलोमीटरपर्यंत चुकीची माहिती मिळण्याची शक्यता, असाही होतो. म्हणूनच अंतिम निर्णय आणि कायदेशीर जबाबदारी चालकाचीच ठेवण्यात आली आहे. यंत्रणेने चुकीची मर्यादा दाखवली, ही सबब दंड टाळण्यासाठी पुरेशी ठरत नाही.

दुसरी शंका : सततच्या आवाजाचे काय?

चार पर्यायांपैकी आवाजाचा इशारा देणे उत्पादकांसाठी सर्वांत सोपे आणि स्वस्त आहे. त्यामुळे नव्या मोटारींत तोच अधिक आढळतो. या पर्यायावर केवळ चालकच नाराज आहेत असे नाही. ‘युरोपियन ट्रान्सपोर्ट सेफ्टी कौन्सिल’नेही नियम ठरत असतानाच आवाजाला मुभा देण्यावर टीका केली होती. कानावर आदळणारा आवाज त्रासदायक ठरून चालक यंत्रणाच बंद करतील, त्यापेक्षा पेडलचा हलका विरोध अधिक परिणामकारक ठरेल, असा या संस्थेचा युक्तिवाद होता.

चुकीची ओळख आणि कर्कश इशारा यांचा परिणाम एकत्रित होतो. ‘लांडगा आला रे आला’च्या गोष्टीप्रमाणे काही खोट्या इशाऱ्यांनंतर खरा इशाराही कानामागे टाकला जातो. त्याच आवाजात मार्गिका सोडल्याचे, डुलकी लागल्याचे आणि सीटबेल्ट न लावल्याचे इशारेही मिसळलेले असतात. त्यामुळे अनेक चालक मोटार सुरू करताच पहिले काम म्हणून पडद्यावरील मेनूत जाऊन ही यंत्रणा बंद करतात.

तिसरी शंका : ओव्हरटेक आणि आणीबाणी

समोरून वाहन येत असताना ओव्हरटेक अर्धवट राहिले आणि मोटारीने वेग वाढवण्यास नकार दिला तर, ही भीती अनेकांना वाटते. पेडल जोराने दाबताच यंत्रणा बाजूला होत असल्याने या भीतीला नियमाच्या चौकटीत आधार उरत नाही. जर्मनीतील ऑटोबानच्या ज्या भागांत सक्तीची मर्यादाच नाही, तेथे ओलांडण्यासारखी मर्यादा नसल्याने यंत्रणेला इशारा देण्याचे कारणही नसते. मात्र पेडलचा विरोध किंवा वेग उतरवण्याचा पर्याय असलेली मोटार प्रथमच चालवणाऱ्याला हे आधी ठाऊक असणे आवश्यक आहे. वाहन विकताना ही माहिती नीट दिली गेली नाही, तर ऐन क्षणी चालक गोंधळण्याची शक्यता नाकारता येत नाही.

चौथी शंका : मोटार पाळत ठेवणार का?

वेगमर्यादा यंत्रणेने चालकाच्या वेगाची नोंद पोलिसांकडे किंवा विमा कंपनीकडे पाठवण्याची कोणतीही तरतूद नियमावलीत नाही. हा गोंधळ बहुधा दुसऱ्या एका सक्तीमुळे झाला आहे. नव्या मोटारींत अपघाताच्या आधीचे आणि नंतरचे काही क्षण टिपणारे नोंदयंत्रही याच नियमावलीने बंधनकारक केले आहे. त्यातील माहिती निनावी असावी, तिच्यावरून विशिष्ट वाहन किंवा मालक ओळखता येऊ नये आणि तिचा उपयोग अपघातांच्या अभ्यासासाठी व्हावा, अशा अटी आहेत. तरीही आजच्या मोटारी उत्पादकाच्या सर्व्हरशी सतत जोडलेल्या असतात. त्यामुळे चालकांची सावधगिरी अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. तिचा रोख मात्र या यंत्रणेपेक्षा जोडलेल्या मोटारींच्या एकूण व्यवहाराकडे असायला हवा.

भारताचा अनुभव

भारतात अशी यंत्रणा सक्तीची नाही. परंतु वेगाचा इशारा देशातील मोटारचालकांना नवा नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत वेगसूचक ध्वनी बंधनकारक आहे. वेग ताशी ८० किलोमीटरपुढे गेला की ठरावीक अंतराने आणि १२० पुढे गेला की अखंड आवाज येतो. व्यावसायिक वाहनांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगनियंत्रकाची तरतूद असून बहुतांश वाहनांसाठी ती मर्यादा ताशी ८० किलोमीटर, तर शालेय बस, टँकर आणि डंपर यांच्यासाठी ६० किलोमीटर आहे.

मोटारीतील ध्वनीची अडचण अशी की, त्याला रस्ता कळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. तेथे नियम पाळून ९५ ने जाणाऱ्या चालकालाही मोटार टोकत राहते. हाच चालक वस्तीतून, ४० ची मर्यादा असलेल्या रस्त्याने ७० च्या वेगाने गेला, तर ती गप्प बसते. युरोपातील यंत्रणा नेमकी ही उणीव भरून काढते.

देशातील गरजही मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. मात्र युरोपसारखी यंत्रणा येथे आणायची, तर तिला वाचता येतील असे फलक आधी असावे लागतील. झाडाझुडपांत दडलेले, जाहिरातींनी झाकलेले किंवा मुख्य रस्ता आणि सेवा रस्ता यांच्यात फरक न करणारे फलक कॅमेऱ्यासाठी निरुपयोगी आहेत. महामार्ग, राज्य मार्ग आणि शहरांतील रस्ते यांच्या मर्यादांची एकत्रित व अद्ययावत डिजिटल नोंदही लागेल, आणि या रस्त्यांची जबाबदारी वेगवेगळ्या यंत्रणांकडे विभागलेली आहे.

इशारा नकोसा झाला की काय होते, याचा धडा भारताला मिळालेला आहे. सीटबेल्ट न लावता त्याचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा १३ हजारांहून अधिक उत्पादने विक्रीतून काढावी लागली.

इतर देशांची भूमिका

अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये नॉर्थ लास व्हेगास येथे भरधाव मोटारीमुळे झालेल्या अपघातात नऊ जण मरण पावले. त्याच्या तपासानंतर तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२३ मध्ये सर्व नव्या मोटारींत अशी यंत्रणा असावी, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केवळ इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी विधेयक संमत केले. परंतु वाहन सुरक्षेचे निकष संघराज्य पातळीवर ठरतात, या कारणास्तव गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ते नाकारले. व्हर्जिनिया राज्याने वेगळी वाट धरली असून वारंवार अतिवेगाने वाहन चालवणाऱ्यांच्या मोटारीत वेग रोखणारे उपकरण बसवण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आहे.

युरोपीय आयोगाला आपल्या नियमावलीचा पहिला मूल्यमापन अहवाल ७ जुलै २०२७ पर्यंत सादर करायचा आहे. किती मोटारींत यंत्रणा बसवली गेली, हे तोवर सहज मोजता येईल. पुढच्या नियमांसाठी मात्र किती चालकांनी ती सुरू ठेवली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरणार आहे.