वरणात कुटून घातलेली गोळी

"दादा, ती गोळी हाय का?"

देवणीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून इतकी वर्षं झाली, पण 'ती गोळी' म्हणजे कोणती, हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बाई आधी दुकानातली गर्दी ओसरू देते. डोकेदुखीची एक पट्टी घेते, पैसे देते, आणि मग पदर तोंडाशी धरून विचारते. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "मालकाला कळू द्यायचं नाही. वरणात घालते."

दारू सोडवायच्या या गोळीचं नाव डायसल्फिराम. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही. मी एकदा दिली होती. तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो, नवा होतो, आणि त्या माउलीच्या कपाळावरची खोक बघून मला नाही म्हणवलं नाही.

पाचव्या दिवशी येळवस होती. येळवशीला आमच्याकडे घराला कुलूप आणि सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. चार दिवस तिनं गोळी वरणात घातली होती, त्या सकाळी आंबिलीत घातली. दुपारी नवरा बांधापलीकडे दोस्तांत जाऊन बसला. क्वार्टर संपायच्या आत त्याचं तोंड, मान, छाती लालबुंद झाली. डोळे तांबारले, छाती धडधडू लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि घामानं निथळत तो आडवा झाला. बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणला, तिथून जीपनं उदगीरला. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, काय प्यायला? दोस्त म्हणत होते, दारूतच काहीतरी होतं. खरं एकटीला माहीत होतं आणि भीतीनं तिला तोंड उघडवेना. शेवटी तिनं कमरेची पिशवी सोडून उरलेली पट्टी नर्सच्या हातात ठेवली.

तो वाचला. हे सगळं तिनंच मला नंतर येऊन सांगितलं. पुढं वर्षभर तो तिच्या हातचं जेवला नाही. पिणं मात्र सुटलं नाही.

दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष करतं आणि मग लगेच ते विष मोडून टाकतं. डायसल्फिराम हे मोडण्याचं काम अडवते, म्हणून विष रक्तात साचतं. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हृदयाचा, लिव्हरचा आजार असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. आपल्या पोटात काय गेलंय हे ज्याला माहीतच नाही, तो सावध कशाच्या जोरावर राहणार?

या गोळीचा दारूशी संबंध कळला तोही असाच, ध्यानीमनी नसताना. अमेरिकेतल्या एका रबर कारखान्याच्या डॉक्टरनं १९३७ सालीच लिहून ठेवलं होतं की, याच जातीच्या रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढं कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघं पोटातल्या जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. आधी त्यांनी स्वतः गोळ्या घेतल्या. दुपारच्या जेवणाबरोबर बिअर घेतली की चेहरा तापायचा, जीव घाबरा व्हायचा. दोघांनाही तेच झालं, आणि बोलता बोलता ते एकमेकांना कळलं. १९४८ साली त्यांनी ते जगाला सांगितलं. दोघं आपापल्या जागी गप्प बसले असते तर?

मुंबईतला एक अभ्यास मी काउंटरवर आलेल्या कितीतरी घरांना सांगितला आहे. अविनाश डिसूझा आणि अॅलन डिसूझा यांनी दारूच्या आहारी गेलेल्या १०० पुरुषांना वर्षभर औषध दिलं. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. २००४ साली निष्कर्ष छापून आले. डायसल्फिराम घेणारे ८६ टक्के दारूपासून लांब राहिले, नाल्ट्रेक्सोन घेणारे ४४ टक्के; पण तलफ नाल्ट्रेक्सोनवाल्यांची जास्त कमी झाली. मला मात्र यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. गोळी वेळेवर घेतली जाते का हे बघणारं आणि तपासणीला सोबत येणारं घरचं माणूस या प्रत्येक पुरुषामागं होतं. तीच बायको, तीच गोळी. फक्त वरणात नाही, उघड तळहातावर.

नाल्ट्रेक्सोनची तऱ्हा वेगळी आहे. तिच्यावर दारू प्यायली तर माणूस लालबुंद होत नाही. प्यायल्यावर मेंदूत जी खुशी उसळते, तिची जागाच ही गोळी अडवून बसते. अमेरिकेत दारूसाठी तिला १९९४ साली मान्यता मिळाली. इकडे डॉक्टर बहुधा रोज घ्यायला सांगतात. फिनलंडमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड सिंक्लेअर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दुसरी रीत मांडली : प्यायच्या आधी तासभर गोळी घ्यायची, प्यायचं नसेल त्या दिवशी नाही. हळूहळू ओढच ढिली पडते. एका दमात सोडणं ज्याला झेपत नाही, त्याला ही वाट जवळची वाटते. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्यानं मनानंच एकदम दारू बंद केली तर हातपाय कापतात, झटके येतात, नाही ते दिसू लागतं. तेही जीवघेणं असतं.

आमच्याकडं एक ड्रायव्हर येतो. लातूरच्या मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी असते, नाल्ट्रेक्सोनची गोळी मला मागवून ठेवावी लागते. सुरुवातीला कुरकुरायचा, "दादा, पहिल्यासारखी मजा येईना की." म्हटलं, भाऊ, गोळीचं कामच ते आहे. तो कॅलेंडरवर क्वार्टरमागं एक रेघ मारतो आणि महिन्याचं पान फाडून डॉक्टरांना नेऊन दाखवतो. परवा ते पान त्यानं माझ्यापुढं काउंटरवर पसरलं. पहिल्या आठवड्यात चौकटीचौकटीत दोन-दोन, तीन-तीन रेघा होत्या. खाली खाली पान मोकळं होत गेलं होतं. एका कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्या दिवशी ध्यानातच आली नाही बघा."

त्याची बायको शेजारी उभी होती, पदर खांद्यावर. तिनं पट्टी माझ्या हातातून घेतली, तारीख बघितली आणि भर दुकानात मोठ्यानं म्हणाली, "दादा, लिव्हरची तपासणी ह्याच महिन्यात हाय न्हवं?"