लिटरली म्हणजे काय रे भाऊ?

‘अगं, मी लिटरली मेले!’
‘बॉस लिटरली डोकं खातोय यार.’
‘पीपीटी बघून क्लायंट लिटरली वेडा झाला!’

सोमवारी सकाळी हिंजवडी किंवा लोअर परळच्या कुठल्याही ऑफिस कॅन्टीनमध्ये दहा मिनिटं उभे राहा आणि कान टवकारा. मेलेली, डोकं खाल्लं गेलेली ही सगळी मंडळी कॉफीच्या मशिनसमोर मात्र व्यवस्थित रांगेत उभी असतात! ‘बेसिकली’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’चा जमाना आपण पाहिला. सध्या राज्य आहे ते लिटरलीचं. मराठी वाक्यात तर तो इतका फिट्ट बसलाय, की आता त्याला भाडेकरू म्हणायचं की घरमालक, हाच प्रश्न आहे.

मूळ बघायला गेलं तर शब्द एकदम सरळमार्गी. लॅटिनमध्ये ‘लिट्टेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लिटरली, म्हणजे जे लिहिलंय, अगदी तेच, काही मीठमसाला नाही. आता आपला ‘अक्षरशः’ बघा. घडण तीच, अक्षरावरूनच! आणि गंमत म्हणजे दोघंही एकाच वाटेनं बिघडले. ‘रस्त्यावर अक्षरशः माणसांचा पूर लोटला होता’ हे वाक्य कुठल्याही मराठी पेपरात सापडेल. पूर पाण्याचा असतो, माणसांचा नाही. पण तिथे कुणी भुवया उंचावत नाही. त्यामुळे आजकालच्या पोरांनी भाषेची वाट लावली, असं म्हणणाऱ्या काकांनी आधी स्वतःचा अक्षरशः तपासावा, ही नम्र विनंती!

डिक्शनरीवालेही सामील?

2013 मध्ये इंटरनेटवर बरीच बोंब उठली होती. कारण काय, तर लिटरलीचा ‘जोर देण्यासाठी वापर’ हा अर्थ डिक्शनरीत सापडला! वास्तविक ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीनं ती नोंद 2011 मध्येच सुधारली होती आणि दोन वर्षं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टरनं तर हा अर्थ 1909 मध्येच घेतला होता. साहित्यिकही मागे नाहीत. जेम्स जॉइसच्या 1914 मध्ये छापून आलेल्या ‘द डेड’ या कथेच्या पहिल्याच वाक्यात हा शब्द असाच, अतिशयोक्तीसाठी आलाय.

खरेपणाची ग्वाही देणाऱ्या शब्दांचं पुढे हेच होतं. ‘व्हेरी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. आता त्याचं काम ‘खूप’ एवढंच. ‘रिअली’ची गतही फार वेगळी नाही. आणि आपण? ‘कसलं भयंकर गोड बाळ आहे!’ असं म्हणतोच की. बाळाला बघून भय कुणाला वाटतं?

मग म्हणायचं काय?

मराठीत ऑप्शन भरपूर आहेत, फक्त प्रत्येकाचं डिपार्टमेंट वेगळं. एखादी न पटणारी गोष्ट खरंच घडली असेल, तर ‘चक्क’. ‘बॉसनं चक्क सॉरी म्हटलं!’ यात आश्चर्य आहे, थाप नाही. कुणाचं बोलणं जसंच्या तसं सांगायचं असेल, तर ‘शब्दशः’. हा बिचारा अजून बिघडलेला नाही, कदाचित भाषांतरवाल्यांच्या ताब्यात असल्यामुळे. नुसता वैतागच काढायचा असेल, तर माझं मत ‘पार’ला. ‘डोक्याचा पार भुगा झालाय’ हे ऐकून भुगा शोधायला कुणी वाकत नाही, पण त्रास बरोबर पोचतो.

आणि सगळ्यात प्रामाणिक शब्द म्हणजे ‘जणू’. ही तुलना आहे, असं तो तोंडावर सांगतो. बॉस जणू डोकं खातोय! लिटरली आता नेमकं ‘जणू’चं काम करतो, पण साइनबोर्ड ‘खरोखर’चा लावून. माझा आक्षेप आहे तो या साइनबोर्डला. बाकी गप्पांमध्ये मारा की हवं तितक्या वेळा, बिल थोडंच येतंय?

बिल येतं ते वेगळीकडे. ‘लोकलमध्ये लिटरली चेंगरून मेलो’ हे वाक्य मुंबईत रोज संध्याकाळी घराघरांत ऐकू येतं आणि ‘हो का, पाय धुऊन ये’ म्हणून विसरलंही जातं. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. तो पूल अरुंद आहे, गर्दी जीवघेणी आहे, अशी ओरड त्याआधीही होत होती. पण ‘जीवघेणी’ हाही रोजच्या वापरातला शब्द. ऐकणाऱ्यानं तो किती सिरीयसली घ्यायचा?

ऑफिसातही हेच. माझी एक मैत्रीण एका आयटी कंपनीत एचआरमध्ये आहे. ‘मॅडम, तीन रात्री लिटरली झोपलो नाहीये’ हे तिला रिलीजच्या आठवड्यात इतक्या जणांकडून ऐकायला मिळतं, की ती मान डोलावते, ‘टेक केअर’ म्हणते आणि पुढचा मेल उघडते. एकदा त्यातला एक जण खरोखरच झोपला नव्हता. ते कळलं तो चक्कर येऊन पडल्यावर, हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा. ‘त्यानं सांगितलं होतं गं,’ ती म्हणाली, ‘पण सगळे सांगतात तसंच सांगितलं होतं.’

तेव्हापासून तिनं एक सवय लावून घेतलीय. समोरच्यानं लिटरली म्हटलं, की ती शांतपणे विचारते, ‘लिटरली म्हणजे किती तास?’ बहुतेक जण हसतात, ‘तसं नाही हो मॅडम’ म्हणतात आणि विषय संपतो. गेल्या महिन्यात मात्र एक मुलगी हसली नाही. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मैत्रिणीनं आधी लॅपटॉप बंद केला आणि मग तिच्या टीम लीडला फोन लावला.