अंगठ्याएवढ्या बोर्डावरची कुजबुज

यूएसबीच्या खाचेत खुपसायचा छोटासा जीपीएस रिसीव्हर उघडला, की सगळ्यात आधी नजरेत भरते ती एक चौकोनी चकती. चिनी मातीच्या फरशीचा तुकडा वाटावा अशी, वर चांदीचा मुलामा दिलेली. हा त्याचा अँटेना. उपग्रहाकडून येणारी लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झची, म्हणजे तिची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. तिला नीट पकडायचं तर असा अँटेना साधारण तिच्या निम्मा, साडेनऊ सेंटिमीटरचा हवा. पण सिरॅमिकच्या आत लहर मंदावते आणि आखडते. योग्य सिरॅमिक निवडलं तर साडेचार पटीनं आखडते, आणि मग दोन-अडीच सेंटिमीटरची चकतीही पुरते. मातीच्या एका तुकड्यानं लहरीची घडी घालून ती खिशात मावेल अशी करावी, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या लहरीत जीव तरी किती? उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेली काही डझन वॅटची शक्ती अर्ध्या पृथ्वीवर पसरते आणि या चकतीच्या वाट्याला वॅटचा साधारण दहा लाख अब्जावा नव्हे, त्याच्याही दहाव्या भागाइतका अंश येतो. रिसीव्हरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्ण वळवळीचा गोंगाट याहून कित्येक पटींनी मोठा असतो. तरी संदेश सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह आपली १०२३ ठोक्यांची ठरलेली लय दर मिलिसेकंदाला पुन्हा वाजवतो. लय आधीच पाठ असलेली चिप ती गोंगाटातून वेचून काढते.

आणि ही कुजबुज ऐकायची कुठे, तर यूएसबीच्या तारांना खेटून! नगाऱ्याची घाई, तिथे टिमकीचं काय, असा प्रकार. साध्या यूएसबीवर सेकंदाला एक कोटी वीस लाख बिट धावतात. त्यांच्या तीक्ष्ण कडांमधून वरच्या पटींतले सूर फुटतात. १२ मेगाहर्ट्झची १३१वी पट १५७२, म्हणजे आपल्या लहरीच्या अगदी उंबरठ्यावर. इतक्या वरचा सूर क्षीण असतो खरा, पण उपग्रहाच्या आवाजापुढे तोही दांडगाच.

बोर्ड आखणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. अँटेनापासून चिपपर्यंतचा तांब्याचा ट्रॅक म्हणजे नुसती तार नव्हे. त्याची रुंदी आणि खालच्या ग्राउंडपासूनचं, म्हणजे तांब्याच्या थरापासूनचं, अंतर मिळून ५० ओहमचा मार्ग जमावा लागतो, नाहीतर लहर वाटेतूनच काही अंशी माघारी फिरते. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरांच्या बोर्डावर त्यासाठी जवळपास तीन मिलिमीटर रुंद ट्रॅक लागतो. चिपचा पाय त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणून चार थरांचा बोर्ड घेतात. तिथे ग्राउंडचा थर जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली असतो आणि ट्रॅक बारीक होऊ शकतो.

खालचं ते ग्राउंड मात्र कोऱ्या पाटीसारखं निष्क्रिय नसतं. वरून जाणारा प्रत्येक प्रवाह परततो तो ग्राउंडमधून, आणि एवढ्या वेगाचा प्रवाह बरोबर आपल्या ट्रॅकच्या सावलीतून परततो. त्या सावलीत एखादी चीर पडली, की त्याला वळसा घ्यावा लागतो आणि वळशाचा तो फेरा स्वतःच छोटासा अँटेना होऊन बसतो, आपला गोंगाट पसरवतो, दुसऱ्याचा ओढून घेतो. माझ्या मते अशा बोर्डावरची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे न कापलेलं, सलग तांबं.

पण उष्णता अडवायला नेमकी चीरच हवी असते. यूएसबीचे ५ व्होल्ट ३.३ वर आणणारा साधा रेग्युलेटर उरलेली ऊर्जा उष्णता करून टाकतो. चिप ३० मिलिअँपिअर घेत असेल, तर सुमारे ५० मिलिवॅट. कॉइलचा रेग्युलेटर थंड राहतो, पण त्याची सततची उघडझाप गोंगाट करते, म्हणून बरेच जण उष्णताच पत्करतात. ती तांब्यातून सरकत क्रिस्टलपर्यंत पोचते. रिसीव्हरचं घड्याळ म्हणजे हा क्रिस्टल. तो दहा लाखांत एक एवढा जरी ढळला, तरी लहरीच्या हिशेबात १५७५ हर्ट्झची चूक होते आणि हाती लागलेला उपग्रह निसटू शकतो. मग क्रिस्टलभोवतीचं तांबं कापून त्याला अरुंद वाटेनं जोडलेलं बेट करायचं, आणि त्या खाचेवरून एकही ट्रॅक न्यायचा नाही. विजेला सलगता हवी, घड्याळाला एकांत. बोटभर जागेत दोघांचंही मन राखायचं.

सिरॅमिक चकतीला पायाखाली ऐसपैस ग्राउंड लागतं, सात सेंटिमीटर चौरस असलं तर उत्तम. इथे ते मिळत नाही, त्यामुळे तिचा सूर सरकतो. वर प्लास्टिकचं झाकण बसलं की आणखी खाली उतरतो. म्हणून ती झाकणासकट जुळवावी लागते.

शेजारच्या लॅपटॉपचाही प्रश्न असतोच. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐसपैस पसरतो. आपल्या इस्रोच्या नाविक या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीची एक लहर २४९२ मेगाहर्ट्झवर आहे, त्याच टापूत. २९ मे २०२३ रोजी उडालेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविक १५७५.४२ वरही बोलू लागलं.

असा रिसीव्हर हाताशी असेल, तर एक प्रयोग करून पाहा. खिडकीत लॅपटॉप ठेवा, रिसीव्हर थेट त्यात खुपसा आणि पडद्यावरच्या उपग्रहांच्या पट्ट्या किती उंच आहेत ते टिपून ठेवा. मग त्याच खिडकीत मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन जोडून रिसीव्हर लॅपटॉपपासून दूर सरकवा, आणि त्या पट्ट्यांकडे पुन्हा बघा.