सलाफहादाच्या पाच मुली

ज्यू लोकांचा धर्मग्रंथ हाती घेणारा सामान्य वाचक सृष्टीची उत्पत्ती वाचतो, जलप्रलय वाचतो, मोशेने आपले लोक मिसर देशातून बाहेर काढले ती हकीकत वाचतो. आणि मध्येच 'अमक्याचा मुलगा तमका' अशा याद्या लागल्या की पाने उलटून पुढे जातो. यात त्याचा फारसा दोष नाही. त्या याद्यांत शेकडो नावे आहेत आणि बहुतेकांविषयी नावापलीकडे काहीच सांगितलेले नाही. तथापि या याद्या नीरस वाटतात याचे कारण, त्या कशासाठी तयार झाल्या हे आपण लक्षात घेत नाही, असे आम्हांस वाटते. ज्याच्या घरी जमिनीचा दावा चालला आहे त्याला वंशावळीचे महत्त्व सांगावे लागत नाही. वंशावळ ही पूर्वजांची आठवण असतेच. पण त्याहून अधिक ती हक्काची नोंद असते. हे स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही त्या शेकडो नावांतील एकच नाव येथे घेत आहोत. ते नाव सलाफहाद.

हा सलाफहाद कोण? योसेफाचा मुलगा मनश्शे, मनश्शेचा माखीर, माखीरचा गिलाद, गिलादचा हेफेर आणि हेफेरचा सलाफहाद. याने लढाई जिंकल्याचे लिहिलेले नाही, भविष्य वर्तवल्याचे नाही. त्याच्या तोंडचे एक वाक्यही ग्रंथात नाही. मिसर सोडून रानात भटकलेल्या पिढीतला तो एक, आणि रानातच तो मेला. त्याला मुलगा नव्हता. 'गणना' नावाच्या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएल लोकांची शिरगणती आहे. तिच्यातील पुरुषांच्या लांबलचक यादीत सलाफहादाचे नाव येते आणि त्यापाठोपाठ एकाएकी पाच मुलींची नावे येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

ही शिरगणती केवळ लढवय्ये मोजण्यासाठी नव्हती. कनान देश हाती आल्यावर तेथील जमीन या यादीतील नावांप्रमाणे वाटली जाणार होती. ज्याचे नाव गळाले त्याचा वाटा गळाला. म्हणून पुढच्याच अध्यायात या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहतात. समोर मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सारी मंडळी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आमचा बाप रानात मेला, तो कोरहाच्या बंडात सामील नव्हता, त्याला मुलगा नाही, एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का नाहीसे व्हावे? चुलत्यांबरोबर आम्हालाही वतन द्या.

या अर्जाची मांडणी पाहण्यासारखी आहे. बाप बंडखोर नव्हता हे त्या आधी सांगतात, म्हणजे वाटा रद्द होण्याचे कारण उरत नाही. मग त्या स्वतःसाठी काही मागत नाहीत. बापाचे नाव राखण्यासाठी मागतात. ज्या समाजात नाव आणि जमीन यांची सांगड होती, त्या समाजाला पटेल अशाच भाषेत त्या बोलल्या. मोशेलाही उत्तर ठाऊक नव्हते, असे ग्रंथ सांगतो. त्याने प्रश्न ईश्वरापुढे ठेवला आणि मुलींचे म्हणणे बरोबर आहे असा निर्णय मिळाला. त्यावरून सर्वांसाठी नियम झाला: मुलगा नसेल तर वतन मुलीकडे जावे, मुलगीही नसेल तर भावांकडे, भाऊ नसतील तर चुलत्यांकडे, आणि तेही नसतील तर कुळातल्या जवळच्या नातलगाकडे.

पश्चिम आशियात हा विचार अगदी अपूर्व होता असे मात्र नव्हे. ख्रिस्तपूर्व २१०० च्या सुमारास मेसोपोटेमियात लगाश येथे राज्य करणाऱ्या गुदेआने, ज्या घरात मुलगा नाही तेथे मुलीला वारस केले, असे आपल्या शिलालेखात नमूद केले आहे. वैशिष्ट्य आहे ते दुसऱ्याच गोष्टीत. येथे कायदा राजाच्या औदार्यातून आलेला नाही; तो पाच मुलींच्या अर्जातून आला, आणि अर्जदारांची नावे कायद्याबरोबर जपली गेली.

अर्थात वाद एवढ्यावर मिटला नाही. 'गणना' ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात गिलाद कुळातील वडीलधारे तक्रार घेऊन येतात. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्न केले तर आमच्या वंशाची जमीन तिकडे जाईल, ही त्यांची धास्ती. तेव्हा मुलींनी आवडेल त्याच्याशी लग्न करावे, पण आपल्या वंशाच्या कुळातच करावे, असे ठरले. आणि पाचही बहिणींनी चुलतभावांशी लग्ने केली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे आखडून घेतले, असे कोणी म्हटले तर आम्ही त्यास नाही म्हणणार नाही. पुढे 'यहोशवा' ग्रंथात वाटणीचा हिशेब लागतो. यार्देन नदीच्या पश्चिमेस मनश्शेच्या वंशाला दहा वाटे मिळाले. अबियेजेर, हेलेक, अस्रियेल, शखेम आणि शमीदा यांचे पाच. आणि हेफेरचा वाटा त्याच्या पाच नातींत विभागून पाच.

आता ग्रंथ बाजूला ठेवून जमिनीकडे वळू. प्राचीन इस्राएलच्या उत्तर राज्याची राजधानी शोमरोन. तेथे १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात शाई​ने लिहिलेली सुमारे शंभर खापरे मिळाली. ती ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली. त्यांवर ना स्तोत्र ना राजाची स्तुती; अमुक सालात अमुक ठिकाणाहून जुन्या द्राक्षारसाचा किंवा तेलाचा इतका बुधला आला, एवढाच कोठीचा हिशेब. पण त्या हिशेबात भागांची म्हणून जी नावे येतात ती अबियेजेर, हेलेक, अस्रियेल, शखेम आणि शमीदा ही. आणि त्यांच्याबरोबर नोआ आणि होग्ला हीही. दहांपैकी सात नावे कारकुनाच्या हातची मिळाली. शिवाय तिरसा हे नगराचे नाव म्हणून ग्रंथातच आढळते: अमरी राजाने शोमरोन वसवण्यापूर्वी उत्तर राज्याची राजधानी तेथे होती.

तेव्हा प्रश्न उभा राहतो: मुलींची नावे गावांना मिळाली की गावांची नावे मुली म्हणून वंशावळीत आली? आज पुष्कळ अभ्यासक दुसऱ्या बाजूस झुकतात. त्यांच्या मते अशा याद्यांत 'मुलगा', 'मुलगी', 'नातू' हे शब्द कुळे आणि प्रदेश यांचे परस्परसंबंध सांगण्याची एक रीत होती. हे मान्य केले तर कथेचे मोल संपते काय? आम्हांस तसे वाटत नाही. नोआ आणि होग्ला या भागांचा हक्क स्त्रियांच्या नावे सांगितला जात होता. मग स्त्रीला वाटा कसा मिळाला, या प्रश्नाला त्या समाजाला तोंड द्यावेच लागले. त्याने दिलेले उत्तर कायदा म्हणून टिकले, हेही तितकेच खरे.

पुढील काळातील ज्यू पंडितांनी या बहिणींना शहाण्या, शास्त्र जाणणाऱ्या आणि सदाचारी म्हणून गौरवले. त्यांची नावे दोन ठिकाणी वेगळ्या क्रमाने येतात. तालमूदमध्ये त्याचा अर्थ असा लावला आहे की एक क्रम बुद्धीचा आणि दुसरा वयाचा. रब्बी अकिवाने, शब्बाथाच्या दिवशी लाकडे गोळा करून दंड भोगणारा अनामिक मनुष्य म्हणजे सलाफहादच, असे म्हटले. त्यावर दुसऱ्या एका रब्बीने त्याला बजावले की धर्मग्रंथाने जे झाकले ते तू उघडे करतोस, आणि तुझे चुकले असेल तर एका सज्जनाला बदनाम करतोस.

कायदा मात्र पुष्कळ काळ तेथेच थांबला. मुलगा असेल तर मुलीला वारसा नाही, हा नियम ज्यू धर्मशास्त्रात कायम राहिला. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातील काही ज्यू बापांनी, मुलाच्या निम्मा वाटा मुलीला मिळेल असे दस्तऐवज करून त्यातून वाट काढली. इस्राएल राष्ट्राच्या १९६५ सालच्या वारसा कायद्याने मुलगा आणि मुलगी यांचे वाटे समान केले.

आपल्या कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल लोक याच परंपरेचे, आणि मराठी बोलणारे. त्यांच्यातील पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून आली. गाव आणि कूळ एकमेकांना नाव देतात याचा हा आपल्या परिचयाचा दाखला. भारतातील ज्यूंना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे पेण-रोह्याच्या या घरांतील मुलीला, भाऊ असतानाही, तो वाटा कायद्याने मिळतो, जो सलाफहादाच्या मुलींना भाऊ नव्हता म्हणूनच मिळाला. या दोन वाट्यांमधले अंतर तुटायला किती शतके लागली, याचा अंदाज त्या नीरस यादीवरूनच येतो. तेव्हा यापुढे अशी यादी समोर आली की पान उलटण्यापूर्वी तीत एखाद्या मुलीचे नाव आहे का, हे पाहावे. असल्यास ते तेथे कोणाच्या मागणीने आले, हेही विचारावे.